न निघणारं नाव

फिलिपिन्समधल्या इलोइलोजवळच्या एका नगरपालिकेत नेनिता कारकून होती. भाच्याने तिला ऑफिसच्या संगणकावर छोटीशी स्क्रिप्ट लिहून दिली होती. एफ-आठची कळ दाबली की दाखल्याखाली 'माननीय महापौर बुएनाफे' आपोआप उमटायचं. कायद्याने मिळणारी सलग नऊ वर्षं भरून महापौरांची मुदत संपत आली, भाचा जहाजावर नोकरीला गेला, आणि ते नाव काही केल्या निघेना.

"गोचिडीसारखं चिकटलंय हो मेलं, साहेब!" नेनिता कळफलकावर बुक्की मारत म्हणाली.

"यंदा गाव अख्ख्या बुएनाफे घराण्याला घरी बसवणार," हेडक्लार्क खेकसले. "नव्या महापौरांच्या दाखल्यावर हे नाव दिसलं, तर तुझी नोकरी गेलीच म्हणून समज!"



निकालात महापौरांच्या जागी त्यांच्या पत्नी, मिसेस बुएनाफे, निवडून आल्या. जे नाव अख्ख्या गावाला काढता आलं नाही, त्यावरून नेनिताला कोण बोलणार?