उम्म बुतूल

"गुरुवारी या, उम्म बुतूल. तिला आधी काही कळायला नको," नाजी फोनवर हळू आवाजात म्हणाला, आणि दाराआड उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने, सुहादने, ते ऐकलं.

उम्म बुतूल. बुतूलची आई. मुलगी द्यायच्या आधी आई घर बघून जाते, हे बसऱ्यात कोणाला सांगावं लागत नाही. लग्नाला नऊ वर्षं होऊन मूल नाही, त्यात बायको दमेकरी. नवऱ्याने दुसरी आणली तर त्याला नावं कोण ठेवणार?

सुहादला रडायचीही भीती वाटली. रडलं की छाती भरून यायची.

तेवढ्यात शेजारीण डोकावली. "काय गं उम्म सज्जाद, गच्चीवर दिसत नाहीस हल्ली?"

"धूळ आहे ना."

"अगं, बसऱ्यात धूळ काय आज आली?"

सुहाद कसनुसं हसली. लग्न झालं त्या दिवसापासून सगळे तिला होणाऱ्या मुलाच्या नावाने सज्जादची आई म्हणत. सज्जाद काही आला नाही, नाव तेवढं चिकटलं.

गुरुवारपर्यंत तिने कितीदा घर आवरायला घेतलं आणि कितीदा पुन्हा आडवी झाली. उम्म बुतूल आली तेव्हा खिडक्यांच्या फटीत ओली फडकी तशीच कोंबलेली होती आणि मोरीत भांडी पडली होती. बाई पन्नाशीची, काळ्या अबायातली, चेहऱ्याने हसरी. तीच हसरी मुद्रा सुहादला जास्त भिववत होती.

"चहा मी करतो," म्हणत नाजी स्वयंपाकघरात सटकला. नऊ वर्षांत ज्याला साखरेचा डबा सापडला नाही, तो चहा करणार! कुठेतरी पाणी मुरत होतं खास.

बाईने फडकी पाहिली, भांडी पाहिली, सुहादच्या मुठीतला दम्याचा पंप पाहिला.

"झोप लागते का गं?"

"लागते."

"जेवतेस नीट?"

"जेवते."

"आणि दम?"

आता ही विचारणार, अजून किती दिवस काढशील. एवढी भीती पोटात घेऊन माणूस किती वेळ गप्प बसणार?

"खाला, आडून आडून कशाला विचारता? द्या तुमची लेक या घरात. नाजी चांगला आहे. हात उगारत नाही, आवाज चढवत नाही. माझी तिला अडचण व्हायची नाही."

"का नाही व्हायची?"

"मी असून नसल्यासारखीच आहे. सकाळी उठावंसं वाटत नाही. सगळे म्हणतात दमा, मीही दमाच सांगते. पण छाती मोकळी असते ना खाला, तेव्हासुद्धा जीव गुदमरतो. ते कोणत्या पंपाने जायचं?" तिने मूठ उघडली. "परवा दम लागला. हा हातात होता. आणि मी दाबलाच नाही. नुसती बघत बसले त्याच्याकडे."

बाई पुढे सरकली. हसू मावळलं होतं. "मग?"

"मग दारात नाजीची किल्ली वाजली. वाटलं, आत येऊन तो मला अशी बघेल. फार घाबरले. म्हणून दाबला."

"हे कोणाला सांगितलंस?"

"कोणाला सांगू? वेडी म्हणतील. तुम्ही परक्या, आज आलात, उद्या लेक देऊन मोकळ्या व्हाल, म्हणून बोलले." सुहादला आता रडू आवरेना. "फक्त बुतूलला एक सांगा. नाजी रात्री दचकून उठतो आणि माझा श्वास ऐकत बसतो. ती आली की त्याला झोपू दे म्हणावं."

बाईने तिचे थंडगार हात आपल्या हातांत घट्ट धरले.

"बुतूल? अगं वेडाबाई, तुझा सज्जाद जिथे आहे ना, तिथेच माझी बुतूल. मलाही नाव तेवढं चिकटलंय."

सुहादला उलगडा होईना. ती डोळे पुसत बघत राहिली.

"नाजी, ये बाहेर," बाईने हात न सोडता हाक मारली, "मनाच्या डॉक्टरणीसमोर ही तोंडसुद्धा उघडणार नाही, असं म्हणाला होतास ना?"