ओळखीचा चावा

गस्तीवरून परतलेल्या सूयिंगने पिशवीतली पांडाची विष्ठा बाबांपुढे ठेवली. सिचुआनच्या याच डोंगरात त्यांनी तीस वर्षं वनरक्षकाची नोकरी केली होती; आता चढ झेपत नव्हता. त्यांनी विष्ठेतला बांबूचा तुकडा धुतला, अंगठ्यावर मोजला. प्रत्येक पांडाचा चावा वेगळ्या लांबीचा असतो.

"अगं, ही तर आपली म्हातारी! तू लहान असताना ओढ्यावर यायची. तुझ्या आईची करपलेली कढई चाटून लखलखीत करायची."

"ओढ्याकाठचा बांबू उन्हाने वाळून गेला, बाबा. हे पार शिखरापाशी सापडलं."

"असू दे. ऊन वाढलं की ती वर सरकते. सरकेल आणखी थोडी." बाबांनी तुकडा जपून खिशात ठेवला.

सूयिंगला त्यांच्याकडे बघवेना.

"आणखी वर डोंगरच नाही, बाबा."