टेकडीवरची शिरगणती

शेफिकाने कॉफीचं तांब्याचं भांडं टेबलावर ठेवलं आणि मास्तरांच्या कागदांवर शिंतोडे उडू नयेत म्हणून ते जरा लांब सरकवलं. मास्तर तिच्या मुलीच्या, यास्नाच्या शाळेत भूगोल शिकवायचे. एकोणीसशे एक्क्याण्णवच्या त्या एप्रिलात शाळेला आठ दिवस सुट्टी देऊन सरकारने त्यांना बोस्नियातल्या या टेकडीवर माणसं मोजायला धाडलं होतं.

"आलुबुखाराची झाडं?"

"साठ," शेफिकाचा नवरा वोयिन म्हणाला. "चार गेली थंडीत."

"गाय?"

"एक. म्हातारी आहे. तिचंही वय लिहिता का?"

"नोकरी?"

"कागद गिरणीत. आठवड्याचे तीन दिवस. उरलेले दिवस कुणाला कागदच नको असतो."

मास्तरांनी सगळं पेन्सिलीने लिहून घेतलं. कुटुंबातल्या एकूण व्यक्तींपुढे तीनचा आकडा घातला आणि पान उलटलं. पुढचा प्रश्न वाचण्याआधी त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"राष्ट्रीयत्व? सर्ब, मुसलमान, की नुसतं युगोस्लाव?"

यास्ना पावाला जाम लावत होती. तिची सुरी थांबली. दहा वर्षांपूर्वी, ती चार वर्षांची असताना, याच टेबलाशी तिच्या बापाने "सगळे युगोस्लाव!" असं ओरडून सांगितलं होतं आणि मोजायला आलेल्या माणसाला झिंगेपर्यंत दारू पाजली होती.

"मागच्या वेळचंच लिहा," शेफिका म्हणाली.

"लिहितो. पण कानावर घालून ठेवतो, गावात आतापर्यंत तसं तिघांनीच सांगितलंय." मास्तरांनी आवाज उतरवला. "तीनच नावं असली की यादीत शोधावी लागत नाहीत."

"शोधणार कोण?"

मास्तर कॉफी प्यायले.

"सर्ब लिहा," वोयिन एकदम म्हणाला. "तिघांनाही."

"मला? शेफिका नावाची सर्ब बाई? अरे, ती गायसुद्धा हसेल."

"थट्टा पुरे. परवा गिरणीच्या फाटकाशी आमच्यातल्याच दोघांनी मला गाठलं. म्हणाले, तू घरी काय लिहितोस ते आम्हाला कळतंच."

शेफिकाचा चेहरा उतरला. "माझा भाऊही आला होता," ती म्हणाली. "तू कामावर होतास. म्हणाला, तू स्वतःला आणि पोरीला मुसलमान लिहिलं नाहीस, तर उद्या काही झालं तरी आमचं दार वाजवू नकोस."

"मला बोलली नाहीस."

"तू बोललास?"

वोयिनने खुर्ची पुढे ओढली आणि मास्तरांच्या मनगटावर हात ठेवला. "मास्तर, घरोघर तुम्हीच फिरताय. एवढंच सांगा, नदीच्या अलीकडे कोण जास्त भरतात? आमचे की हिचे? जे जास्त, त्यांच्यात पोरीचं नाव घालू. आमचं दोघांचं काय ते बघता येईल."

"आकडे सांगायला मनाई आहे."

"तुमच्या वर्गातली पोर आहे ती."

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर चढ चढत आला, दाराशी येऊन हळू झाला आणि पुढे गेला. तोवर चौघांपैकी कुणीच श्वास सोडला नाही.

"अर्धे-अर्धे," मास्तर म्हणाले. "पाच-सहा माणसांचा फरक. तोही रोज बदलतोय."

वोयिनचा हात त्यांच्या मनगटावरून आपोआप सुटला. एक बाजू भारी असती, तर दुसरी गप्प बसली असती. एवढं त्यालाही कळत होतं.

"मग तिचा रकाना मोकळा सोडा," तो म्हणाला.

"सोडता येतो. कायद्यात तशी सोय आहे."

"मोकळी जागा कुणीही भरेल," शेफिका म्हणाली. ती उठून यास्नाच्या मागे उभी राहिली आणि तिने मुलीच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. "हिला लिहूच नका."

"म्हणजे?"

"हा सर्ब, मी मुसलमान. जन्माने जे आहे ते लिहा. आमचं व्हायचं ते होईल. हिला मोजू नका."

"शेफिका, ती माझ्यासमोर बसलीय. गेल्या आठवड्यात तिने मला देशातल्या सगळ्या नद्या घडाघडा म्हणून दाखवल्या. मी काय लिहू, ही नाहीच म्हणून?"

"हो. तेच लिहा. मी विनवते तुम्हाला."

"आई," यास्ना म्हणाली, "मी काय केलं?"

यास्ना पुन्हा पावाला जाम लावू लागली, एकाच जागी, परत परत.

मास्तरांनी वोयिनकडे पाहिलं. वोयिनने मान खाली घातली, वर केली नाही. तेव्हा मास्तरांनी पिशवीतून खोडरबर काढलं. आधी मुलीचं नाव पुसलं, मग जन्मतारीख. पान मागे उलटून त्यांनी तीनचा आकडा घासला आणि तिथे दोन लिहिला. भुगा फुंकला तो जामच्या बशीत पडला.

"तुमच्या स्वतःच्या घरी काय लिहिलंत?" शेफिकाने विचारलं.

"माझ्या घरी मलाच जायचंय. शेवटी ठेवलंय." त्यांनी टोपी घातली, पिशवी खांद्याला अडकवली. यास्नाच्या डोक्यावरून हात फिरवायला म्हणून त्यांनी हात उचलला, पण तो तसाच मागे घेतला.

दारापाशी जाऊन ते थांबले.

"शाळेच्या पटावर मात्र तिचं नाव आहे," ते म्हणाले. "आईबापांच्या नावांसकट."

वोयिन उठला. त्यांच्या पुढे जाऊन त्याने दार लावून घेतलं आणि दाराला पाठ टेकली.

"तो पट कुठे ठेवता, मास्तर?"