मत्स्यवीरांची नक्कल

कतारमध्ये, दोह्यातल्या घरी नमिताने जेवणाच्या टेबलावर पाचशे वर्षांपूर्वीच्या दोन युरोपीय छापचित्रांचे फोटो मांडले होते. दोन्हींत माशाच्या शेपटीचे तेच वीर तलवारींनी झुंजत होते, फक्त तोंडं विरुद्ध दिशांना. अस्सल कोणतं, नक्कल कोणती, हे तिला तासाभरात संग्रहालयाला कळवायचं होतं. चुकली तर तिथली नवी नोकरी गेलीच. जन्मभर कापडछपाईचे लाकडी ठसे कोरत आलेले सासरे, देवीदास, वाकून म्हणाले, “ही नक्कल. इथे सगळेच डावखुरे. समोरचं चित्र बघून तसंच कोरलं, की छापताना उलटं उमटतं. माझा पहिला मोर असाच उलटा बसला. वडिलांनी कान पिळला.” नमिताने उत्तर पाठवलं आणि आपल्या नोंदवहीत एक ओळ लिहून ती त्यांच्यापुढे धरली. साठीनंतर सुनेकडूनच अक्षरं शिकलेल्या देवीदासांनी बोट फिरवत वाचलं, “अस्सल ओळखणारे: देवीदास भावसार.” मग हळूच म्हणाले, “पोरी, हे पान मला देतेस?”