सफरचंदांमधली वाट

"आई, शून्य! सहा दिवसांत या वाटेवरून एकही माणूस गेलेला नाही!"

मुक्ताने नगरपालिकेचा मेल सासूबाईंसमोर धरला. जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गजवळच्या त्यांच्या गावात सफरचंदांच्या बागेतून एक पायवाट जाते. ती कुणी वापरतं का, हे बघायला नगरपालिकेने माणूस बसवला होता. आज शेवटचा दिवस. पुरेशी माणसं गेली नाहीत तर वाट बंद.

"पण तुम्ही तर रोज जाता ना बागेपलीकडे हेल्गाबाईंकडे?"

मनोरमाबाई ओशाळल्या. "या आठवड्यात नाही गेले गं. तिथे एक साहेब खुर्ची टाकून बसलेला. मला वाटलं, बागेचा मालक. मालकासमोरून खुशाल त्याच्या बागेत शिरायचं? बरं दिसतं का ते?"

मुक्ताने कपाळावर हात मारला. "अहो आई, तुम्हालाच मोजायला बसलाय तो!"

मनोरमाबाई घाईघाईने चपला शोधू लागल्या. हेल्गाबाई ही त्यांची या देशातली एकुलती एक मैत्रीण. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही, तरी तासभर गप्पा रंगतात. मोठ्या रस्त्याने जायचं तर तीन किलोमीटर. त्यांच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं.

दोघी लगेच निघाल्या. बागेत धुकं इतकं दाटलं होतं की झाडांचे फक्त शेंडे दिसत होते, आणि आपण चालतोय की नुसतेच पुढे सरकतोय तेही कळत नव्हतं. मुक्ता जुन्या अमेरिकेतल्या रस्त्यांच्या कायद्यांवर पीएचडी करते. ती हळू आवाजात सांगत होती, "तिकडे राज्याचं विधिमंडळ तीन माणसं नेमायचं, आई. ती रानातून चालत जायची, झाडांवर खुणा करायची. मग ठरायचं, हा सगळ्यांचा रस्ता."

"नुसतं चालून?"

"हो ना."

खुर्चीवरच्या माणसापाशी मनोरमाबाई थांबल्या. "जाऊ का?" त्यांनी मराठीतच विचारलं. मुक्ताने ते जर्मनमध्ये सांगितलं.

तो गोंधळला. "विचारता काय? रस्ता आहे हा." त्याने कागदावर दोन रेघा ओढल्या.

"दोघींनी काय होणार, आई?" मुक्ता पुटपुटली.

तेवढ्यात पलीकडून चाकांची कुरकुर ऐकू आली. वर्षभर उंबरठा न ओलांडलेल्या हेल्गाबाई वॉकर ढकलत धुक्यातून येत होत्या. मैत्रीण आठवडाभर फिरकली नाही, म्हणून शोधायला निघाल्या होत्या.

"मुक्ता," मनोरमाबाई म्हणाल्या, "तीन झालो गं."