दम कोणाला लागतो

"चालताना दम लागतो का, काका?" फोनमधून डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही," श्रीकृष्णराव म्हणाले.

"लागतो," शेजारी बसलेल्या सुमेधाबाई म्हणाल्या.

फोन टेबलावर होता आणि स्पीकर चालू होता. आरोग्यविम्याची पॉलिसी देण्याआधी कंपनीच्या डॉक्टर फोनवर तब्येतीची चौकशी करतात आणि ते बोलणं रेकॉर्ड होतं, हे त्यांच्या मुलीनं, मधुवंतीनं, आधीच बजावून ठेवलं होतं. ती आज त्याचसाठी आली होती. सुमेधाबाईंचे प्रश्न विचारून झाले होते. बीपी? नाही. शुगर? नाही. सांधे, गुडघे? नाही. पाढे म्हणावेत तशी त्यांनी धडाधड उत्तरं दिली होती. नवऱ्याची पाळी आली आणि गाडी अडली.

"अगं, नाही लागत दम," श्रीकृष्णराव हळूच म्हणाले.

"कसा नाही लागत? रोज नेहरू पार्कात चक्कर मारायला जातो ना आपण? मग अर्ध्यातच बाकावर कोण बसतं? 'थांब जरा, दम लागला,' असं कोण म्हणतं? मी तर सच सांगून राहिले आहे, डॉक्टर. वर्ष झालं असेल याला."

श्रीकृष्णराव पंख्याकडे बघू लागले. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला एवढ्या सोप्या प्रश्नाचं उत्तर देता येईना.

खरं तर विम्याचं हे खूळ घरात सुमेधाबाईंनीच आणलं होतं. एरवी घरात विमा होता तो फक्त स्कूटरचा, तोही चौकात पोलीस विचारतो म्हणून. पण गेल्या वर्षापासून त्या लेकीच्या मागेच लागल्या होत्या. शेवटी एका रविवारी मधुवंतीनं पोहे खाता खाता त्यांना सगळं समजावलं. आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून द्यायला गाडीचा विमा, तो कायद्यानं घ्यावाच लागतो. आयुष्याचा विमा माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांसाठी. आणि तब्येतीचा विमा माणूस जाऊ नये, त्याचा नीट इलाज व्हावा म्हणून.

"मग हाच पाहिजे," सुमेधाबाई म्हणाल्या होत्या.

"घेऊ. पण यात काही लपवायचं नाही हं, आई. लपवलेलं पुढे उघडकीला आलं, तर ऐन क्लेमच्या वेळी कंपनी हात वर करते."

सुमेधाबाईंनी हे पक्कं लक्षात ठेवलं. निदान नवऱ्यापुरतं तरी.

"काका, दम लागत असेल तर मला लिहावं लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग हृदयाच्या तपासण्या सांगतील. पॉलिसी मिळेलच असंही नाही. पण जे खरं असेल तेच सांगा."

"लागतो तसा... म्हणजे लागत नाही," श्रीकृष्णराव म्हणाले.

"बाबा, छातीत दुखतं का तुमच्या?" मधुवंतीचा आवाज बदलला होता.

श्रीकृष्णराव काही बोलणार तेवढ्यात सुमेधाबाईंचा हात त्यांच्या हातावर आला. हात गार पडला होता. श्रीकृष्णराव त्या हाताकडे बघत राहिले. बाकावर टेकायला मिळालं की हिला बरं वाटतं, एवढंच ते वर्षभर समजत होते. ही शेजारी बसून आपला श्वास ऐकत असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

"डॉक्टर, लिहून घ्या," ते म्हणाले. "दम मला लागत नाही. गुडघे हिचे दुखतात. 'तू दमलीस, बसू या,' म्हटलं की ही चिडते. एकदा म्हटलं तर पंधरा दिवस फिरायला आली नाही, म्हणे मला म्हातारी ठरवता. म्हणून मग मला दम लागतो."

मधुवंतीनं आधी बाबांकडे बघितलं, मग आईकडे.

"अहो, म्हणजे छातीत काही नाही?" सुमेधाबाईंनी विचारलं.

"काही नाही गं."

"आणि डॉक्टरकडे जाऊ म्हटलं की उद्या उद्या करत होता, ते?"

"जाऊन काय सांगणार होतो?"

सुमेधाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. रागावलं तरी पाहिजे होतं, पण राग काही येईना. वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवला होता, आणि त्यांना नुसतं रडू येत होतं.

"काकू," डॉक्टरबाई म्हणाल्या, "गुडघ्यांचं तुम्ही मघाशी 'नाही' म्हणाला होता. तुमचं उत्तर बदलू का? बदललं तर गुडघ्यांच्या इलाजाचा खर्च पहिली काही वर्षं मिळणार नाही, कदाचित हप्ताही वाढेल. पण नंतर अडचण येणार नाही."

"बदला," सुमेधाबाई म्हणाल्या. "दुखतात. दोन्ही दुखतात. जिना उतरताना तर जीव जातो."

इतक्या दिवसांत हे त्या पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्या. श्रीकृष्णरावांनी त्यांचा हात धरून ठेवला.

"ठीक आहे. मी दोघांची उत्तरं वाचून दाखवते, बरोबर असतील तर 'हो' म्हणा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सुमेधाकाकू, गुडघेदुखी: आहे, दोन्ही पायांत. श्रीकृष्णकाका, चालताना दम लागणं: नाही. छातीत दुखणं: नाही. बरोबर?"

"हो," श्रीकृष्णराव म्हणाले.

"माझं एकदा वाचलंत तेवढं पुरे," सुमेधाबाई नाक पुसत फोनवर वाकल्या. "यांचं तेवढं परत एकदा वाचा ना."