अठरा पूर्ण

"जन्मसाल?"

"चौसष्ट."

कुसुमआत्यानं कपाळावर हात मारून घेतला. "चौसष्ट म्हणालीस की दारातनंच माघारी! एकसष्ट. पुन्यांदा सांग."

"एकसष्ट," म्हणताना इंद्रायणीला फस्सकन हसू आलं.

"हसायचं न्हाई. हसलीस की पंधराचीच दिसतीस."

आत्या गुडघ्यांवर बसून तिच्या निऱ्या सारख्या करत होती. साडी आत्याचीच होती, मोरपंखी, कडक इस्त्रीची. आई मोशीला मामाच्या घरी बारशाला गेली होती. बाबा ओव्हरटाइमला. असा दिवस पुन्हा मिळाला नसता.

थेटराच्या भिंतीवर 'फक्त प्रौढांसाठी' अशी पट्टी लागल्यापासून कॉलनीत दुसरा विषय नव्हता. बाबांनी जेवताना बजावलं होतं, "त्या बाजूला दिसलीस तर तंगडं मोडीन." तिच्या वर्गातली सोजर थोरल्या बहिणीची साडी नेसून गेली होती. दारावरच्या माणसानं तिला जन्मसाल विचारलं, ती गडबडली आणि सगळ्या रांगेदेखत बाहेर आली. चौकातली पोरं अजून तिला बघून शिट्ट्या मारत होती.

"मला परत पाठवलं तर?"

"मी हाय ना," आत्या म्हणाली.

आत्या होती म्हणूनच सगळं होतं. नवऱ्याचं घर सोडून ती भावाकडे आली, कंपनीत पॅकिंगला लागली, आणि तेव्हापासून दोघी एकाच गोधडीत झोपत. दहावी झाली की नर्सिंगला जायचं, हे इंद्रायणीनं आईलाही सांगितलं नव्हतं. आत्याला सांगितलं होतं. पिक्चरचं वेडही आत्यानंच लावलं होतं. हा पिक्चर दाखवते, असं ती आपणहून म्हणाली, तेव्हा इंद्रायणीनं तिच्या गळ्यात हात टाकले होते.

थेटराच्या दारावरचा माणूस दांडगा होता. त्यानं आत्याचं तिकीट फाडलं आणि हात आडवा घातला.

"ही कोण?"

"भाची माझी."

"वय?"

"अठरा पूर्ण," इंद्रायणी म्हणाली.

"जन्मसाल?"

"एकसष्ट."

त्यानं तिच्याकडे खालून वर पाहिलं. तिनं नजर खाली घातली नाही. हात बाजूला झाला.

आत अंधारात तिनं आत्याचा दंड घट्ट धरला. "जमलं गं!"

"जमलं," आत्या म्हणाली.

पिक्चरमध्ये विशेष काही नव्हतं. नायिका फार रडत होती आणि कुठलं तरी दार सारखं बंद होत होतं. यासाठी सोजरनं एवढा अपमान सोसला, याचंच इंद्रायणीला नवल वाटलं. मग इंटरव्हल झाला, दिवे लागले, आणि तिनं पदर तोंडावर ओढला. दोन रांगा पुढे दौलतराव उभे होते. बाबांच्या खात्यातले सुपरवायझर. शेजारी टेरिकॉटचा शर्ट घातलेला एक जवान माणूस.

"आत्या, दौलतराव! बाबांना सांगतील."

"तोंड लपवू नगंस. पदर नीट घे आन् नमस्कार कर."

दौलतराव त्यांच्याकडेच आले. "काय कुसुमताई, आवडला का पिक्चर?" मग इंद्रायणीकडे वळून म्हणाले, "शाळेत जातेस?"

तिनं आत्याकडे पाहिलं. आत्याच पुढे झाली. "शाळा कवाच सुटली तिची. घरचं समदं बघती आता."

आत्याचं हे प्रसंगावधान पाहून इंद्रायणीला तिचा अभिमान वाटला. बरोबरचा माणूस नुसता तिच्याकडे बघत राहिला. थोड्या वेळानं दौलतरावांनी दोघींसाठी वडे पाठवले. इंद्रायणीनं आपला वडा आत्याच्या हातात दिला.

परत येताना रस्त्याला कंपनीच्या बसची गर्दी होती. ती आत्याच्या मागे जवळजवळ पळतच होती.

"ते सांगतील गं बाबांना."

"न्हाई सांगायचे."

"शपथ घे माझी."

आत्यानं शपथ घेतली नाही. "पाय उचल," म्हणाली.

घराचं दार उघडं होतं. बाबा आत खाटेवर बसले होते. धुतलेला शर्ट, तेल लावून बसवलेले केस. ओव्हरटाइमला गेलेच नव्हते. इंद्रायणी उंबऱ्यातच थिजली. साडी बदलायलाही वेळ मिळाला नव्हता. आता आत्याचं काय होईल, हेच तिच्या मनात आलं. रागाच्या भरात बाबांनी तिला घराबाहेर काढलं, तर ती जाणार कुठे?

"बाबा, चूक माझी आहे," ती एका दमात बोलली. "मीच मागे लागले होते. आत्या नको म्हणत होती. तिला काही बोलू नका. मला मारा."

आत्या भिंतीकडे तोंड करून चपला काढत होती. फार वेळ लागत होता तिला.

बाबा उठले नाहीत. त्यांनी लेकीकडे पाहिलंही नाही.

"कुसुम, दारावर अडवलं का?"

"अडवलं, दादा. वय इचारलं, जन्मसाल इचारलं." आत्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "न अडखळता बोलली."

"आन् दौलतराव?"

"वडं पाठवलं त्यांनी. पोरालाबी पसंत हाय."

बाबांनी मोठा श्वास सोडला. मग ते उठले, जवळ आले, आणि किती तरी दिवसांनी त्यांनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुझी आई हळद लागंस्तवर मोशीलाच ऱ्हाईल, न्हाईतर रडून गोंधळ घालंल," ते म्हणाले. "सरकारनं नवा कायदा केलाय, म्हणून भटजी वय इचारतोय. परवा मांडवात त्यानं इचारलं, की आज बोललीस तसंच बोलायचं."